पारदर्शक पारी: हार गाव घरी करताना

(या भागाचा लिखित मजकूर. अडखळणं आणि 'अं-अं' काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. प्रमाणं मध्ये मध्ये आली आहेत, त्यामुळे ओट्यावर फोन उभा करून वाचलंत तरी चालेल.)

आजचा भाग खाण्याचा आहे आणि जरा चिकट आहे. चिकट का, ते पुढे कळेलच.

मागच्या काही भागांत हाँगकाँगचा उल्लेख झाला की मेसेज यायचे, 'ते डम्पलिंग घरी कसे करायचे ते सांग ना.' तर आज तेच. पण सगळे डम्पलिंग नाहीत, एकच. हार गाव. म्हणजे कोळंबीचं सारण भरलेलं, वाफवलेलं, आणि पारी इतकी पारदर्शक की आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसते. कँटोनीज उच्चार 'हा गाउ'च्या जवळ जातो. 'हा' म्हणजे कोळंबी. आपण मेनूकार्डावरचं हार गावच म्हणू या, गावाचं नाव वाटतं, मजा येते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये तेच येणार. हा मोमो नाही. मोमो मलाही आवडतो, त्याच्याशी भांडण नाही. पण मोमोची पारी मैद्याची. मैदा साध्या पाण्यात मळला की त्यातल्या प्रथिनांचं जाळं तयार होतं, ग्लूटेन. त्या जाळ्यामुळे पारी चिवट होते, ताणली जाते, फाटत नाही. उत्तर चीनमधले जियाओझही तसेच. हार गाव बरोबर उलट्या बाजूने जातो. त्याच्या पारीत ग्लूटेन ठेवतच नाहीत. गव्हातून ते काढून टाकतात आणि जे उरतं त्याची पारी करतात. सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी या एका गोष्टीत आहे.

थोडं त्या जागेबद्दल. हा पदार्थ दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतातला. ग्वांगजौ शहर, जुन्या नकाशात ज्याला कँटन म्हणायचे, आणि तिथून हाँगकाँग. तिकडे सकाळी चहाघरात जायची पद्धत आहे, तिला 'याम चा' म्हणतात. शब्दशः 'चहा पिणे'. आता चहा प्यायला जाऊन माणसं दोन तास बसतात आणि बांबूच्या दहा टोपल्या रिकाम्या करतात, पण नाव चहाचंच. आपण 'चहाला या' म्हणतो आणि समोर पोह्यांची बशी येते, तसंच. चहाबरोबर येणारे छोटे छोटे पदार्थ म्हणजे डिम सम. त्यात चौघांना 'चार महाराजे' म्हणतात: हार गाव, सिउ माय, डुकराच्या मांसाचं गोडसर सारण भरलेला चार सिउ बाव आणि एग टार्ट. नवीन चहाघरात गेलं की जाणकार माणूस आधी हार गाव मागवतो. पारी जाड असली, फाटलेली असली, कोळंबी मऊ पडलेली असली, तर बाकीच्या स्वयंपाकघराचा अंदाज येतो. आमच्याकडे उमेदवाराला पहिला प्रश्न विचारतात ना, तसं.

हे मोठ्या हॉटेलांतच चांगलं मिळतं असंही नाही. २००९ साली माक क्वाय-पुई नावाच्या शेफने मोंगकॉक भागात टिम हो वान नावाचं अगदी छोटं दुकान काढलं. हा माणूस त्याआधी फोर सीझन्स हॉटेलच्या लुंग किंग हीनमध्ये डिम सम करायचा, जिथे तेव्हा मिशलिनचे तीन तारे होते. तिथून उठून गल्लीत आला, आणि त्या छोट्या दुकानालाही मिशलिनचा एक तारा मिळाला. बाहेर ही रांग!

मी हाँगकाँगला दोन वर्षं होतो, पेमेंट्सच्या सॉफ्टवेअरवर काम करायचो. माझ्या टीममध्ये टेस्टिंग बघणारी एक सहकारी होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिचे वडील डिम समचे कारागीर. तीस-पस्तीस वर्षं चहाघरांच्या मुदपाकखान्यात काढलेली. पहाटे तीनला काम सुरू, कारण सहाला गिऱ्हाईक येऊन बसतं. आता निवृत्त. उजव्या मनगटात जोर राहिलेला नाही. इतकी वर्षं सुरीच्या पात्याने पाऱ्या दाबायच्या म्हणजे काय होणार दुसरं?

मी तिला म्हटलं, मला शिकायचंय. तिने वडिलांना विचारलं. तर काका (मी त्यांच्यासमोर अंकल म्हणायचो, तुमच्याशी बोलताना काका) जोरात हसले. म्हणाले, 'घरी? घरी कोण करतं हे? खाली दुकानात मिळतं.' आणि खरं आहे ते. हाँगकाँगमध्ये हार गाव घरी फारसं कुणी करत नाही. बाहेर खातात किंवा गोठवलेलं पाकीट आणतात. कितीतरी हॉटेलंसुद्धा आता मोठ्या कारखान्यातून तयार माल आणतात. पहाटे तीनला उठायला तरुण पोरं तयार नाहीत, आणि का असावीत?

तरी काका तयार झाले. काऊलूनमधलं त्यांचं घर म्हणजे आपल्या वन आरकेपेक्षा लहान. जेवणाच्या टेबलावर स्टीलचा पाट ठेवला, जुनी सुरी काढली. तिला धार नसतेच, मुद्दाम बोथट ठेवतात, पातं रुंद. काकांनी तेलाच्या फडक्याने पातं पुसलं, सुपारीएवढा गोळा घेतला, पात्याने दाबला आणि मनगट फिरवलं. एक सेकंद. गोल, कागदासारखी पारी. मग मनगट धरून बसले.

माझी सहकारी मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. तिचा हात थांबला. मला म्हणाली, मी माझ्या वडिलांना हे करताना आज पहिल्यांदा बघतेय. ती उठायच्या आधी ते कामावर गेलेले असायचे, आणि मुदपाकखान्याच्या दारात मुलांना पाय ठेवायला बंदी. ती बंदी मालकाची नव्हती, काकांचीच होती. मुलीने शिकावं, ऑफिसात बसावं, पंख्याखाली. ती बसलीही. पण त्याची दुसरी बाजू अशी की ते कसब त्या घरात एका मनगटात होतं आणि ते मनगट आता दुखत होतं.

मला हे ओळखीचं वाटलं. आमच्याकडे धुळ्याला उन्हाळ्यात कुरडया व्हायच्या तेव्हा गच्चीवर सगळ्या बायका, आणि मला मात्र 'तू अभ्यासाला बस'. कुरडईचा विषय मी उगाच काढत नाहीये, आता त्याचीच वेळ आली आहे.

काकांनी पिठाची पिशवी दाखवली. पांढरंशुभ्र, चिमटीत घेतलं की कॉर्नफ्लोअरसारखं करकरणारं. म्हणाले, 'तंग मिन'. मी विचारलं, कशाचं पीठ? सहकारी म्हणाली, गव्हाचं, पण गव्हाचं पीठ नव्हे. मग तिने 'तंग' शब्दाचा अर्थ सांगायचा प्रयत्न केला. गढूळ पाणी ठेवून दिलं की गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी येतं, ते. मराठीत याला एक नेमका शब्द आहे: निवळणं. तंग मिन म्हणजे निवळून काढलेलं पीठ. कणीक मळायची, पाण्यात धुवायची, चिवट भाग हातात राहतो, पाणी दुधाळ होतं. ते पाणी ठेवून द्यायचं. खाली जे बसतं ते तंग मिन.

त्या रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. पिशवी दाखवली, कसं करतात ते सांगितलं. आई दोन सेकंद बघत राहिली आणि म्हणाली, 'अरे, हा तर चीक!'

गव्हाचा चीक! गहू तीन दिवस भिजत घाला, रोज पाणी बदला, वाटा, गाळा, चोथा बाजूला, आणि दुधाळ पाणी रात्रभर निवळत ठेवा. सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून द्या, खाली घट्ट पांढरा थर. तो शिजवला की पांढऱ्याचा काचेसारखा होतो. मग सोऱ्यात भरून कुरडई. ज्यांनी लहानपणी गच्चीवर गरम चीक वाटीत घेऊन तूप-साखर घालून खाल्लाय, त्यांनी हार गावच्या पारीची चव अर्धी घेतलेली आहे. उत्तरेत या गव्हाच्या स्टार्चला निशास्ता म्हणतात. तेव्हा 'भारतात हे सामान कुठून आणायचं' असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर: तुमच्या आत्याला फोन करा.

बरं, आता खरंच, कुठून आणायचं. तीन रस्ते आहेत.

पहिला, ऑनलाइन 'व्हीट स्टार्च' शोधा. पाकिटामागे घटक वाचा, फक्त गव्हाचा स्टार्च हवा. 'व्हीट फ्लोअर' आला तर तो मैदा किंवा कणीक, उपयोग नाही.

दुसरा, मैद्यातून घरी काढा. अर्धा किलो मैदा मळा, तासभर झाकून ठेवा, मग मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात गोळा चुरत राहा. चार-पाच वेळा नवीन पाणी. हातात शेवटी रबरासारखा गोळा उरेल, ते ग्लूटेन. फेकू नका, ते उकडून, कापून रश्श्यात टाकता येतं, चीनमध्ये आवडीने खातात. दुधाळ पाणी बारीक चाळणीतून गाळून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी वरचं पाणी ओता. पांढऱ्या थराच्या वर एक पातळ, मळकट, बुळबुळीत थर दिसेल, तो चमच्याने खरवडून काढा. हे विसरायचं नाही, पारी धुरकट होते ती याच्यामुळे. उरलेला चीक कापडावर पसरून पंख्याखाली किंवा उन्हात खडखडीत वाळवा, मिक्सरला फिरवा, चाळा. अर्ध्या किलोतून पाव किलोच्या आसपास मिळतो.

तिसरा, कुरडईचा नेहमीचा चीक, वाळवून. चालतो. पण गहू तीन दिवस भिजल्यामुळे किंचित आंबूस वास राहतो, आणि पारी काचेसारखी न होता दुधी काचेसारखी होते. बाथरूमच्या खिडकीला असते ना, तशी. मला ती चव आवडते. काकांना आवडली नसती.

इथे एक गंभीर सूचना. 'ग्लूटेन काढलंय' हे ऐकून ज्यांना सिलिअॅक आहे किंवा गव्हाची अॅलर्जी आहे त्यांनी खुश होऊ नका. घरी धुतलेल्या चिकात ग्लूटेनचा अंश राहतोच, आणि बाजारातल्या साध्या गव्हाच्या स्टार्चवरही त्यासाठी भरवसा ठेवू नका. तुमच्यासाठी हा पदार्थ नाही.

आता, ग्लूटेन नाही तर पारी बांधली कशी जाते? चीक थंड पाण्यात विरघळत नाही, म्हणून तर तो खाली बसतो. थंड पाण्यात कालवला तर नुसता चिखल, मुठीत धरला की घट्ट, सोडला की वाहतो. पण उकळतं पाणी पडलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकटतात आणि गोळा होतो. म्हणजे ही उकड आहे. मोदकाची उकड जशी तांदळाच्या पिठाची, तशी ही चिकाची. मग मोदक पारदर्शक का नाही? कारण तांदळाचं पीठ म्हणजे नुसता स्टार्च नव्हे, त्यात प्रथिनंही असतात, आणि त्यांच्यावर उजेड विखुरतो. इथे तेच काढून टाकलंय. वाफ लागली की उरलेले कणही फुगतात आणि उजेड आरपार जातो.

नुसत्या चिकाची पारी मात्र तुटक होते. म्हणून त्यात टॅपिओकाचा स्टार्च घालतात, त्याने थोडी लवचीकता आणि चकाकी येते. टॅपिओका म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तो कंद. मग लगेच प्रश्न येतो, साबुदाणा दळून घातला तर? नको. साबुदाणा करताना त्याला उष्णता दिलेली असते, तो अर्धवट शिजलेला असतो, त्यामुळे पीठ वेगळं वागतं. बटाट्याचा स्टार्च मिळाला तर तो चालेल. कॉर्नफ्लोअरने काम भागतं, पण पारी कमी पारदर्शक.

सारण आधी करू, कारण ते फ्रिजमध्ये थंड व्हायला वेळ लागतो. २५० ग्रॅम सोललेली कोळंबी, मधला काळा धागा काढलेली. पंचवीसेक नग होतील. कोळंबीला पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ चोळून २० मिनिटं फ्रिजमध्ये. हार गावमधली कोळंबी चावताना 'कट्' करते, ती याच्यामुळे. सोड्याच्या क्षारामुळे प्रथिनं पाणी धरून ठेवतात आणि शिजताना आकसून चामडं होत नाहीत. घरात पापडखार आहे म्हणून तो घालू नका, तीव्र असतो. नंतर वाहत्या गार पाण्याखाली भरपूर धुवा. अगदी पाच मिनिटं. सोड्याची चव राहिली तर सगळं संपलं. मग कापडात गुंडाळून कोरडी करा, आणि कोरडी म्हणजे कोरडी, सारणातलं जास्तीचं पाणी पारी फोडतं.

अर्धी कोळंबी सुरीच्या पात्याने चेचा, अर्धीचे मोठे तुकडे ठेवा. आता अर्धा चमचा मीठ घालून एकाच दिशेने ढवळा. ही अंधश्रद्धा वाटेल, पण मिठाने कोळंबीतली प्रथिनं सुटतात आणि ढवळून ढवळून त्यांचा चिकट लगदा होतो, तोच तुकड्यांना धरून ठेवतो. काका लगदा उचलून भांड्यात आपटायचे, दहा-पंधरा वेळा. शेजारी काय म्हणतील याची पर्वा करू नका. मग एक चमचा साखर, पाव चमचा पांढरी मिरपूड, एक मोठा चमचा टॅपिओका स्टार्च आणि एक चमचा तिळाचं तेल. हे तेल भाजलेल्या तिळाचं हवं, तपकिरी, खमंग वासाचं. आपलं घाण्याचं पिवळं तिळाचं तेल वेगळं, त्याला तो वास नाही. शेवटी ५० ग्रॅम बांबूचा कोवळा कोंब, डब्यातला असेल तर उकळत्या पाण्यातून काढून, पिळून, बारीक चिरून. पारंपरिक सारणात डुकराची चरबीही असते, बारीक चिरलेली, तिने रसाळपणा येतो. मी दोन चमचे साधं तेल घालतो. फरक पडतो का? पडतो. पण माझ्या फ्लॅटमध्ये तीन जण तीन प्रकारचं खाणारे आहेत.

आले, लसूण, कोथिंबीर? हात आवरा. आपल्याला मसाल्याची सवय, पण इथे कोळंबीची स्वतःची गोडी हाच मसाला आहे. कोळंबी ताजी नसेल तर आज दुसरं काहीतरी करा.

सारण तासभर फ्रिजमध्ये. तोवर पारी.

१०० ग्रॅम चीक, ५० ग्रॅम टॅपिओका स्टार्च, पाव चमचा मीठ. टॅपिओकातला दोन चमचे बाजूला ठेवा. २०० मिलिलिटर पाणी, आणि खळखळ उकळणारं. उकळून गेलेलं नाही, 'गरम आहे की' असलं नाही. गॅसवरून थेट पिठात, एकदम, आणि दुसऱ्या हाताने लाकडी चमच्याने भराभर ढवळा. पाणी कोमट पडलं तर कण फुगत नाहीत, गोळा होत नाही, आणि मग वरून कितीही पीठ घाला, ते सुधारत नाही. ती उकड बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करणं स्वस्त पडतं. ढवळून झालं की झाकण, पाच मिनिटं. मग हाताला तेल लावून, बाजूला ठेवलेला स्टार्च आणि दोन चमचे तेल घालत मळा. सोसवेल इतकं गरम असतानाच. ज्यांनी गणपतीत उकड मळली आहे त्यांना काय सांगायचं! आधी गुठळ्या वाटतील, तीन-चार मिनिटांत गोळा कानाच्या पाळीसारखा मऊ होईल. कानाची पाळी ही काकांची उपमा. ओल्या फडक्याखाली ठेवा. उघडा राहिला की कडेने तडकायला लागतो.

लाटायचं कसं? तेलकट सुरीची करामत एका दिवसात येत नाही. पुरी प्रेस असेल तर उत्तम. दोन्ही बाजूंना तेल लावलेलं प्लास्टिक, मध्ये १० ते १२ ग्रॅमचा गोळा, दाबा. सात-आठ सेंटिमीटरची पारी येते. पोळपाट-लाटण्यानेही होते, पण पिठी लावू नका, तेल लावा. एका वेळी चार-पाचच लाटा, भरा, मग पुढच्या.

मोदकाला कळ्या चारी बाजूंनी, वर टोक. हार गावला कळ्या फक्त मागच्या बाजूला, पुढची बाजू सपाट आणि गुळगुळीत. म्हणजे मागची कडा चुणत जायची आणि पुढच्या कडेला चिकटवत जायची, आपोआप चंद्रकोरीसारखा बाक येतो. तिकडे जुन्या कंगव्याच्या आकाराशी तुलना करतात. किती कळ्या? जुन्या कारागिरांचा आदर्श तेराचा. सात ते दहा असल्या तरी चांगलं मानतात. त्या रविवारी टेबलाशी आम्ही दोघं इंजिनिअर, समोर काका. त्यांनी हात लावला नाही, नुसतं बघत होते आणि मोजत होते. सहकारीच्या पहिल्या सातावर मान हलवली. 'सात झाल्या की पगार मिळतो,' म्हणाले. त्यानंतर ती दर महिन्याला एक रविवार त्यांच्याकडे जाऊन करते. पाऱ्या पुरी प्रेससारख्याच एका यंत्राने दाबते, कळ्या हाताने. गेल्या वेळी फोटो पाठवला, त्यात अकरा दिसत होत्या. मी झूम करून मोजल्या.

बांबूची टोपली वापरतात ती दिसायला छान म्हणून नव्हे. विणलेलं झाकण वाफेचं पाणी शोषतं. स्टीलच्या झाकणातून थेंब पडतात आणि पारीवर चट्टे उठतात. म्हणून इडलीपात्र किंवा मोदकपात्र वापरणार असाल तर झाकणाला फडकं बांधा. तळाला तेल लावलेला बटर पेपर किंवा कोबीचं पान, आणि दोन नगांमध्ये बोटभर अंतर, कारण फुगतात आणि एकमेकांना चिकटले की सोडवताना पारी जाते. पाणी आधीच खळखळत असू दे. मोठ्या आचेवर सहा मिनिटं. दहा केलीत तर पारी फाटेल आणि कोळंबी खोडरबर होईल. झाकण काढल्यावर लगेच उचलू नका. पहिल्या क्षणी पारी ओली आणि धुरकट असते. मिनिटभर थांबा, ती घट्ट होते आणि तुमच्या डोळ्यांदेखत नितळ होते. हा मिनिट मला फार आवडतो.

कोळंबी न खाणाऱ्यांसाठी: याच पारीत दुसरं सारण भरून फन गोर नावाचा प्रकार करतात. त्यात शेंगदाणेही असतात, आणि आपल्याकडे त्याला कोण नाही म्हणेल! माझी आई हाँगकाँगला आली तेव्हा तिच्यासाठी मश्रूम, गाजर, बांबूचा कोंब आणि भाजून भरडलेले दाणे असं सारण केलं होतं. काकांनी तिला टोपली पुढे केली, तिने दोन खाल्ले, आणि मग सहकारीमार्फत त्यांना तिचा एकच प्रश्न: चीक किती दिवस निवळत ठेवता? काका म्हणाले, आम्ही पिशवी आणतो. आईचा चेहरा बघण्यासारखा होता. नंतर पंधरा मिनिटं ती कुरडई समजावत होती, हाताने सोऱ्या फिरवून दाखवत. काका म्हणे पुढे कितीतरी दिवस विचारत होते, ते उन्हात वाळवतात ते तळल्यावर खरंच फुलतं का.

सिउ माय आज घेत नाही. त्याची पारी गव्हाच्या पिठाची, पिवळी, तोंड उघडं, सगळं प्रकरणच वेगळं. सोपं आहे पण. कळ्यांची भीती वाटत असेल तर तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

खाताना काय लावायचं? चहाघरात बहुतेक लोक तसंच खातात, फार तर थोडं मिरचीचं तेल. शेजवान चटणीची बाटली कपाटातच राहू दे. बरोबर चहा, बिनदुधाचा, पो लेइ मिळाला तर उत्तम, नाहीतर मोगऱ्याच्या वासाचा. कुणी तुमच्या कपात ओतला तर बोलणं न थांबवता दोन बोटांनी टेबलावर टकटक करायचं, ते तिकडचं 'थँक्यू'. किटलीतलं पाणी संपलं की झाकण तिरकं करून ठेवायचं, वेटर येऊन भरतो. घरी अर्थात तुम्हीच उठणार.

आणि शेवटचं, उरले तर. गार झाले की पारी पांढरी आणि कडक पडते, शिळ्या भातासारखी, कारण स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. घाबरू नका, तीन मिनिटं वाफ दिली की परत नितळ. मायक्रोवेव्ह नको, कडा चामट होतात. जास्तीचे करून ठेवायचे असतील तर कच्चेच, ताटात सुटे सुटे गोठवा, मग डब्यात भरा, आणि न वितळवता थेट वाफेवर आठ मिनिटं. महिनाभर राहतात म्हणे. माझ्याकडे चार दिवसांच्या वर राहिल्याची नोंद नाही.

चला, प्रमाणं वर आहेतच. कळ्या मोजून फोटो पाठवा. आणि घरी कुणी चीक करत असेल तर त्यांचा व्हिडिओ आधी काढा, हार गाव नंतर करा. भेटू पुढच्या भागात.